रानाचा नकाशा कोणी काढायचा?



रान कसे राखावे यावर बोलणाऱ्यांची देशात वाण नाही. एक म्हणतो, कुंपण घाला, माणसे बाहेर काढा. दुसरा म्हणतो, रान म्हणजे पडून राहिलेला माल, खाणी खोदा. दोघांचे भांडण मोठे, पण एका गोष्टीवर एकमत : रानाच्या कडेला पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्याला काही विचारायचे कारण नाही.

जुलै 2022 मध्ये जर्मनीतील बॉन शहरी 139 देशांच्या जैवविविधता मंचाने एक अहवाल मंजूर केला. सार असे, की सरकारे निसर्गाचे मोल बाजारातल्या तात्पुरत्या फायद्यावरून ठरवतात. माणूस निसर्गाला आणखी ज्या अनेक कारणांनी मानतो, ती हिशेबात येतच नाहीत. त्यासाठी पंडितांना चार वर्षे लागली. मराठीत त्याला एकच शब्द पुरतो : भाव. मालाला भाव असतो, देवाच्या ठायीही भाव असतो. शेतकऱ्याला दोन्ही कळतात. सरकारने दोन्ही मारले.

बांबूचेच पाहा. शास्त्र सांगते, बांबू हे गवत. 1927 च्या वन कायद्याने त्याला झाड ठरवले. झाड म्हटले की तोडायला परवाना, वाहतुकीला परवाना. गवताचे झाड करायला लेखणीचा एक फटकारा लागला. झाडाचे पुन्हा गवत व्हायला 2017 साल उजाडले. नव्वद वर्षे!

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचे गोंड गाव. 1980 च्या दशकात गावाने रानातल्या लाकडाने घोटुल बांधले. वनखात्याने ते मोडले. गावाने पुन्हा बांधले. घोटुलाच्या खांबाला बाजारात काय किंमत येते, हा प्रश्न गावाला पडला नव्हता. पुढे 2006 चा वनहक्क कायदा आला आणि 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर रानावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. कागद मिळाला, पण बांबू विकावा तर वाहतूक परवाना खात्याच्या खिशात! तो खिसा रिकामा व्हायला एप्रिल 2011 उजाडावे लागले. केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले.

तोच बांबू घराला लागतो, बाजारात जातो, रानाला पुन्हा उभे करतो. किती तोडायचा, किती ठेवायचा हे आता ग्रामसभा ठरवते. भाव मिळाला म्हणून भाव संपला नाही.

उलट सह्याद्रीत काय झाले? माधव गाडगीळ यांच्या समितीने 2011 मध्ये अहवाल दिला आणि अखेरचा निर्णय ग्रामसभांना विचारून घ्या, असे बजावले. सरकारने अहवालच दाबून ठेवला. तो 2012 मध्ये बाहेर आला. ज्यांच्या गावांबद्दल तो होता त्यांना सरकारने तो त्यांच्या भाषेत नीट समजावला नाही. अफवा मात्र घरोघर पोचल्या. मग 2013 मध्ये कस्तुरीरंगन समिती उपग्रहाचे नकाशे घेऊन आली. मार्च 2014 ते जुलै 2024 या काळात अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. सहाव्यात महाराष्ट्राचे 17,340 चौरस किलोमीटर आहेत. उपग्रहाला झाडोरा दिसतो; देवराई कोणत्या देवाची, झरा कोणत्या महिन्यात आटतो, हे दिसत नाही.

कोणी म्हणेल, गावाच्या हाती दिले तर पुढारी आणि ठेकेदार मिळून रान विकतील. ही भीती खोटी नाही. सरपंचाच्या घरी सह्या गोळा करणे म्हणजे ग्रामसभा नव्हे. म्हणूनच मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. आधी अभ्यासगट बसतो, मग सभा. पण एवढ्या भीतीपायी रान खात्याकडे ठेवायचे म्हणता, तर गेल्या शतकात ठेकेदाराला कुऱ्हाड कोणी दिली होती?

तेव्हा काम सोपे आहे. आपल्या गावच्या रानाचा, गायरानाचा, ओढ्याचा नकाशा आपणच काढा. कुठे कुऱ्हाड चालायची नाही, कुठला माल विकायचा, कुठली जागा देवाची, हे बायाबापड्यांसह सर्वांनी बसून ठरवा, ठरावात लिहा. वनहक्काचा दावा दाखल नसेल तर करा. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना भाषण नको, तो ठराव घेऊन या.

उद्याचे गाव कसे असावे, हे ठरवण्याचा परवाना कुणाकडे मागायचा नसतो.