देयक थकलेले, दायित्व मात्र चालू

गेल्या महिन्यात निफाड तालुक्यातल्या एका वाचकाने दोन कागदांच्या झेरॉक्स पाठवल्या. पहिला कागद नोटिशीचा. आपण केलेल्या रस्त्यावर खड्डे पडले आहेत, काम दोष दायित्व कालावधीत आहे, सात दिवसांत स्वखर्चाने दुरुस्ती करावी, अन्यथा अनामत जप्त करून काळ्या यादीत टाकण्याची कार्यवाही होईल. दुसरा कागद त्याच रस्त्याच्या अंतिम देयकाचा. त्यावर शेरा आहे, ‘निधी उपलब्धतेनुसार अदा करण्यात येईल.’ दोन्ही कागद एकाच कार्यालयाचे, दोन्हींवर सही एकाच अधिकाऱ्याची. काम पूर्ण होऊन चौदा महिने झाले आहेत.

थकबाकीवर या पानातून आम्ही अनेकदा लिहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ठेकेदारांच्या संघटनांनी काम बंदची हाक दिली, तेव्हा राज्यभरातला थकीत आकडा ८९ हजार कोटी रुपये असल्याचे त्यांनी सांगितले होते. आज त्या आकड्यात शिरायचे नाही. आज एकाच कलमाबद्दल बोलायचे आहे, कारण छोट्या ठेकेदाराचा गळा तिथे आवळला जातो.

दायित्वाचा कालावधी काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजतात. देयक कधी दिले, ही तारीख कुठेच मोजली जात नाही. म्हणजे मोजमाप पुस्तकात (एमबीत) मोजमाप चढले, अंतिम देयक सादर झाले, पुढे एक रुपयाही आला नाही, तरी तुमचे दायित्व चालूच. तोवर सुरक्षा अनामत अडकलेली, बँक गॅरंटीच्या नूतनीकरणाचे कमिशन भरायचे, सीसी (कॅश क्रेडिट) खात्याचे व्याज दर महिन्याला चढायचे. जुलै २०२२ मध्ये सरकारी कामांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, तेव्हापासून अडकणारी रक्कमही फुगली. एवढे सोसून ज्या रस्त्याचे पैसे मिळालेले नाहीत, त्याच रस्त्यावर पुन्हा डांबर, खडी आणि मजुरी घालायची.

खड्डा आमच्या कामातल्या दोषाने पडला असेल, तर तो आम्हीच बुजवू. त्याबद्दल दुमत नाही. पण गोदाकाठची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उसाच्या ट्रॉल्या वळणावर साइडपट्टी खचवतात. पूर आला की मोऱ्या तुंबतात आणि पाणी रस्त्यावरून वाहते. दोष कशाचा, हे जागेवर येऊन ठरवायला हवे. नोटिशीच्या छापील मजकुरातून ते ठरत नाही.

जागेवर जाऊन रस्ता बघणे मी घरातच पाहिले. माझे वडील याच गोदाकाठच्या सायखेड्याचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. बारा-पंधरा माणसांची टोळी, भाड्याचा रोलर आणि उधारीवरची खडी एवढ्यावर त्यांनी ठेकेदारी सुरू केली. डांबराची पिंपे फोडायची, बॉयलरखाली लाकडे सारायची, मजुरांनी पायांना गोणपाट गुंडाळून झारीने डांबर शिंपायचे. काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे, रस्ता निवला की अण्णा चपला हातात घेऊन त्यावरून अनवाणी चालत. कुठे खडी हलते ते तळपायाला कळते, म्हणायचे. गोदावरीला पूर येऊन पुलाला पानवेली अडकल्या, की पाणी ओसरताच ते आधी आपला रस्ता बघायला जात आणि गरज दिसली तर त्याच दिवशी मुरमाची गाडी मागवत. त्यांना नोटीस लागली नाही. मार्चअखेर बिल निघे आणि त्यातूनच या दुरुस्त्यांना पैसा येई.

पुढे एका कामाचे बिल तीन मार्च अडकले. आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. तोवर स्वतःचा झालेला रोलर विकावा लागला, टोळी पांगली. धंदा माझ्या हाती यायचा होता, तो आलाच नाही. हे मासिक त्यानंतरचे.

अण्णांच्याच काळात अशोक कटारिया यांनी १९७६ मध्ये नाशकात ठेकेदारी सुरू केली. दत्तात्रय म्हैसकर यांनी १९७७ मध्ये आयडियल रोड बिल्डर्सची स्थापना केली. दोन्ही घरांतून पुढे देशभर रस्ते बांधणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या, अशोका बिल्डकॉन आणि आयआरबी. त्यांची जिद्द, यंत्रसामग्रीवरची गुंतवणूक, कामाचा वेग यांबद्दल आपण नेहमी बोलतो. त्या वाटचालीतल्या एका वळणाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. नव्वदीच्या दशकात म्हैसकरांकडे ठाणे-भिवंडी बाह्यवळण आले, कटारियांकडे धुळ्याचे. दोन्ही कामे ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावरची. त्या कामांचा पैसा तिजोरीतून नव्हे, टोलनाक्यावरून येऊ लागला. कर्जाची आणि वाहतुकीच्या अंदाजाची जोखीम मोठी होती, ती त्यांनी घेतली. पण पैसा रोज येत होता.

त्या करारांत जितकी वर्षे देखभाल, तितकी वर्षे टोल. २००४ मध्ये आयआरबीने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी ९१८ कोटी रुपये आगाऊ मोजले आणि १५ वर्षांची टोलवसुली व देखभाल एकत्रच घेतली. रस्त्याची जबाबदारी आणि रस्त्याचे उत्पन्न बरोबर चालले पाहिजे, हे तत्त्व शासनाने स्वतःच मान्य केलेले आहे. वाडीवस्तीच्या रस्त्यावर टोल बसत नाही आणि बसूही नये. तिथे आपले उत्पन्न म्हणजे फक्त देयक. ते रोखून जबाबदारी तेवढी चालू ठेवायची, हा न्याय कुठला?

लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात पैसे देण्यासाठी ४५ दिवसांची मुदत आहे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. पण कामाच्या कंत्राटांना हा कायदा लागू होत नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत. म्हणून आपल्याला निविदेच्या अटींतच बदल मागावा लागेल. मागणी साधी आहे. अंतिम देयक सादर झाल्यापासून ६० दिवसांत पैसे द्या. त्यापुढे जितके दिवस थकेल, तितके दिवस दायित्वातून वजा करा. आणि देयक थकीत असताना स्वखर्चाने दुरुस्तीची नोटीस काढू नका.

आता थोडे आपल्या लोकांबद्दल. ३५ टक्के कमी दराने निविदा भरायची आणि मग परवडत नाही म्हणून रडायचे, हे थांबवा. वाटेल त्या ना-हक्क पत्रावर सही करू नका. बैठकीला चाळीस जण येतात, निवेदनावर सही करायला नऊ उरतात. बाकीच्यांना साहेबांची नाराजी नको असते. त्या साहेबांची बदली होते आणि थकबाकी तुमच्याच नावावर राहते.

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निविदा निघत आहेत. ३१ ऑक्टोबर २०२६ च्या ध्वजारोहणाआधी रस्ते हवेत म्हणून प्रत्येक कामाला घाई असेल. मित्रहो, घाईत भरू नका. प्रशासकीय मान्यता पाहा, तरतूद किती ते लेखी विचारा. काम संपले की पूर्णत्वाचा दाखला मागा, संयुक्त मोजणी करून घ्या, प्रत्येक पत्रावर आवक क्रमांक घ्या.

आणि एक पान आम्हाला पाठवा. कामाचे नाव, पूर्णत्वाची तारीख, देयक सादर केल्याची तारीख, मिळालेली रक्कम, आलेल्या नोटिशींच्या तारखा. नावे छापणार नाही. तक्ता करून मंत्रालयात आम्ही स्वतः घेऊन जाऊ.

नोटीस आलेल्या वाचकाला आमचे सांगणे हेच, की नोटिशीला लेखी उत्तर द्या, थकीत देयकाचा उल्लेख करा, दुरुस्तीचे मोजमाप आणि फोटो जोडा. पण खड्डा बुजवा. त्याच रस्त्याने आपली माणसे कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन सायखेड्याच्या उपबाजारात येतात, आणि त्यांनी आपले काहीही थकवलेले नाही.