कळसाला नमस्कार

आमच्या शाळा-कॉलेजांना अलीकडे एका नव्या यात्रेचें वेड लागलें आहे. पूर्वीं सहल म्हटली कीं सिंहगड, वेरूळ, फार तर एखादें धरण किंवा साखर-कारखाना. आतां नववी-दहावीच्या मुलांपासून अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांच्या बसगाड्या हिंजवडीकडे वळतात. हेतु उदात्त सांगितला जातो: 'करिअर' म्हणजे काय तें मुलांना प्रत्यक्ष पाहावयास मिळावें. हेतूविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु या सहलींत मुलें प्रत्यक्ष काय पाहतात, याची चौकशी पालकांनीं कधीं केली आहे काय? केली नसेल तर ती आम्ही येथें करतों. आणि आमचें मत आरंभींच सांगून टाकतों, कीं ज्या रीतीनें या भेटी हल्लीं होतात त्या रीतीनें त्या होण्यापेक्षां न झालेल्या बऱ्या.

भेटीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. दारावर नांवनिशी, गळ्यांत अडकविण्याची चिठ्ठी, मग एका थंडगार सभागृहांत तासभर व्याख्यान. व्याख्यान देणारी व्यक्ति प्रोग्रॅम लिहिणारी नसते. ती असते मनुष्यबळ-विभागाची, म्हणजे बोलभाषेंत 'एच. आर.'ची. कंपनीच्या शाखा किती देशांत आहेत, व्यायामशाळा किती मजल्यांची आहे, वाढदिवस कसे साजरे होतात, हें ती पडद्यावर चित्रें दाखवून सांगते. नंतर उपाहारगृह, हिरवळ, पायऱ्यांवर सामुदायिक छायाचित्र, आणि प्रत्येकास एक प्रमाणपत्र. कशाचें प्रमाणपत्र, हें मात्र विचारूं नये! जेथें माणसें काम करीत बसलेलीं असतात त्या दालनाचें काचेचें दार ओळखपत्रावांचून उघडत नाहीं, आणि मुलांच्या गळ्यांतील चिठ्ठी त्या दाराच्या ओळखीची नसते. पंढरीच्या गर्दींत ज्याला गाभाऱ्यापर्यंत पोंचतां येत नाहीं तो कळसाला हात जोडून परततो. त्या वारकऱ्याच्या मनांत भाव तरी असतो. आमच्या विद्यार्थ्याच्या मनांत उपाहारगृहांतील पिझ्झा उरतो.

दार बंद ठेवण्याबद्दल आम्ही कंपन्यांना दोष देत नाहीं. आंतल्या पडद्यांवर परक्या देशांतील बँकांचे व इस्पितळांचे व्यवहार चाललेले असतात. ते चारचौघांस दाखविणें हा विश्वासघात होईल. आमचा आक्षेप निराळाच आहे. घर दाखवितां येत नसेल तर न दाखवावें. पण ओसरीलाच घर म्हणून मुलांची समजूत करून देऊं नये.

१९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांतील कुंडलच्या माळावर कारखाना उभारला. तेथें कोणी गेला तर वितळलेलें लोखंड सांच्यांत ओततांना दिसे, ओतकाम फसलें तर तेंहि दिसे. लोखंडाच्या नांगरानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि सुरुवातीला नांगर खपत नव्हते, हेंहि तेथील कोणीहि सांगूं शकला असता. संगणकाच्या धंद्याची अडचण अशी, कीं त्याचें काम डोळ्यांना दिसतच नाहीं. माणूस खुर्चींत बसला आहे, पडद्याकडे पाहतो आहे, एवढेंच दृश्य! म्हणूनच तें काम समजावून देण्यास जास्त कष्ट घेतले पाहिजेत. आणि आमच्या पाहण्यांत तर असें आलें आहे कीं, नेमके तेवढेच कष्ट कोणी घेत नाहीं.

हें काम असतें तरी कसें? आपल्या मुलांची कल्पना अशी, कीं कंपनींत गेलें म्हणजे रोज कांहींतरी नवें निर्माण करावयाचें. वस्तुस्थिति अशी कीं या धंद्याचा मोठा भाग दुरुस्तीचा आहे. जुन्या प्रोग्रॅममध्यें वर्षाचे चार अंक न लिहितां दोनच लिहीत. १९९९ संपून '००' आलें कीं यंत्र तें १९०० समजेल, अशी जगभर धास्ती पडली. तीं लक्षावधि ओळींचीं जुनीं बाडें उसकटून तपासण्याचें किचकट काम ज्यांनीं अंगावर घेतलें त्यांत आमच्या कंपन्या होत्या, आणि त्यांची भरभराट होण्यास तें काम फार उपयोगी पडलें. दुसऱ्याची चूक शोधणें, शोधलेली चूक सुधारतांना तिसरी न होऊं देणें, अमेरिकेचा दिवस उजाडला म्हणून आपली रात्र जागविणें, हा या व्यवसायाचा नित्यक्रम आहे. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. ज्याला असा शोध घेण्याची गोडी आहे त्याला तो आयुष्यभर पुरेल. ज्याला ती नाहीं त्याला दोन वर्षांत नकोसा होईल. आपण कोणत्या जातीचे आहोंत, हें मुलाला त्या एका दिवसांत थोडेंसें जरी कळलें तरी भेटीचें सार्थक झालें. व्यायामशाळा पाहून तें कसें कळावें?

उदाहरणच द्यावयाचें तर ४ जून १९९६ चें घ्या. युरोपचें 'एरियान ५' हें अग्निबाण-यान पहिल्याच उड्डाणांत चाळीस सेकंदांच्या आंत फुटलें. कारण काय, तर आधींच्या 'एरियान ४' मधला प्रोग्रॅम त्यांत जसाच्या तसा घेतला होता. जुन्या यानांत जी संख्या कधीं फार मोठी होत नसे ती नव्या, अधिक वेगवान यानांत एवढी वाढली कीं तिच्यासाठीं राखलेल्या सोळा घरांत ती मावेना. एखाद्या तरुण अभियंत्यानें फळ्यापाशीं उभें राहून ही गोष्ट अर्धा तास मुलांना उलगडून सांगितली, आणि "तुम्ही असतां तर कोठें शोधलें असतें?" असें विचारलें, तर कोणत्या बँकेचें गुपित फुटणार आहे?

आणखी कित्येक गोष्टी त्या सभागृहांत सांगितल्या जात नाहींत. मोठ्या कंपन्यांत घाऊक भरती होणाऱ्या नवख्या पदवीधराचें वार्षिक वेतन दहा-बारा वर्षें तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळत राहिलें, हें सांगितलें जात नाहीं; एखाद्याच भाग्यवंताच्या मोठ्या 'पॅकेज'चा आंकडा मात्र पडद्यावर झळकतो. 'बेंच' म्हणजे काय, काम नसलेल्या माणसाला तेथें बसून काय वाटतें, हें सांगितलें जात नाहीं. २०२५ च्या जुलैमध्यें टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशांतील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर-कंपनीनें सुमारें दोन टक्के, म्हणजे १२,००० हून अधिक माणसें कमी करण्याचें जाहीर केलें. ही बातमी मुलांच्या घरीं वर्तमानपत्रांत येऊन गेली असते, पण भेटीच्या दिवशीं तिचा उच्चार अशुभ! नवख्यांकडून जीं कामें करून घेत त्यांतलीं कित्येक आतां यंत्रच करूं लागलें आहे, यावरहि एखादें चमकदार चित्र दाखवून भागविलें जातें. ज्या घरांत मुलाच्या शिक्षणासाठीं कर्ज काढावयाचें आहे त्या घराला या गोष्टी आधीं कळूं नयेत काय?

यावर आमचे शिक्षक-मित्र म्हणतात, कीं "खेड्यांतल्या मुलाला ती इमारत पाहूनच उमेद येते, ती तुम्ही कां हिरावून घेतां?" हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि उमेदीची किंमत आम्हांस कमी वाटत नाहीं. परंतु इमारतीनें आलेली उमेद इमारतीपुरतीच असते. तो मुलगा परत जाऊन संगणकाच्या शाखेवांचून दुसरें नांव घेत नाहीं. त्याचे वडील शेत गहाण टाकून ती शाखा मिळवितात. आणि आपल्याला यंत्रांची, मातीची किंवा औषधांची आवड होती हें त्याला समजतें तें चार वर्षांनीं. उलट, खेड्यांतील मुलाला खरें काम दाखविण्याची गरज शहरी मुलापेक्षां अधिक आहे; कारण शहरी मुलाला विचारावयास एखादा मामा किंवा चुलतभाऊ तरी या धंद्यांत सांपडतो.

याहून वाईट प्रकार प्रश्नोत्तरांचा. एका शाळेनें बस सुटण्यापूर्वीं मुलांना प्रश्न लिहून दिले होते, आणि "यांशिवाय कांहीं विचारूं नका, शाळेचें नांव जाईल" अशी ताकीद दिली होती. नांव जाईल! १९७४ सालीं बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनीं टेल्कोची जाहिरात वाचली. स्त्रियांनीं अर्ज करूं नयेत असें तींत छापलें होतें. त्यांनीं जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून याचा जाब विचारला. पुण्यास मुलाखतीचें बोलावणें आलें, आणि त्या टेल्कोंतील पहिल्या स्त्री-अभियंत्या झाल्या. पुढें सुधा मूर्ति म्हणून सर्वांना परिचित झालेल्या या बाईंना तें पोस्टकार्ड टाकण्यापूर्वीं कोणा शिक्षकाची संमति घ्यावी लागली असती, तर काय झालें असतें?

खरें सांगावयाचें तर दोष कंपन्यांपेक्षां आमच्या मध्यमवर्गाचा अधिक आहे. एके काळीं आमच्या घरांत सचिवालयांतील कारकुनीला जो मान होता तोच आज या काचेच्या इमारतींना आहे. काम कोणतें यापेक्षां दार कोणाचें, याकडे आमचें लक्ष! बाप पूर्वीं मुलाला साहेबाच्या पायांवर घाली. आतां शाळाच त्याला बसमध्यें घालून साहेबाच्या हिरवळीवर आणून सोडते. आणि त्या हिरवळीखालीं हिंजवडी-माणच्या ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या मुलांना आंत कोणतें काम मिळालें, हाहि एक 'करिअर'चाच प्रश्न आहे; तो सध्यां राहूं द्या.

मग करावें काय? कंपनीला भेटीचें पत्र लिहितांना मुख्याध्यापकांनीं तींत तीन अटी स्पष्ट घालाव्या. बोलावयास रोज प्रोग्रॅम लिहिणारा किंवा तपासणारा माणूस द्यावा. त्यानें आपली फसलेली एक कामगिरी सांगावी. आणि मुलांचे प्रश्न अगोदर मागूं नयेत. जी कंपनी या अटी मान्य करील तिच्याकडे खुशाल जावें. ज्या पुण्यांत १९८८ सालीं सी-डॅक स्थापन झालें, १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला, आणि कानपूरला आरंभलेलें भारतीय लिपी संगणकावर आणण्याचें काम पुढें नेलें गेलें, त्या शहरांत बोलण्यासारखीं माणसें कमी नाहींत. अटी मान्य न झाल्यास बस रद्द करण्याचेंहि कारण नाहीं. तीच बस नाशिक रस्त्यानें नारायणगांवाकडे वळवावी. तेथून जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ-दुर्बीण आहे. दरवर्षीं विज्ञानदिनाच्या सुमारास ती लोकांसाठीं खुली असते, आणि ती चालविणारीं माणसें आलेल्यांना आपलें काम स्वतः समजावून सांगतात. प्रमाणपत्राची चौकशी मात्र तेथें करूं नये.