चुना थकतो तेव्हा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्राच्या अंगणात पाऊल टाकलेले पाहून काही मित्र हसतील. पण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते, हे आपण सर्वांनीच शाळेत पाहिले आहे. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याने धरला, एवढाच त्याचा अर्थ.

हीच किमया धुरांड्यापाशीही साधता येते. कळीचा चुना सुमारे ६५० अंश सेल्सिअसला धुरातला हा वायू धरून पुन्हा चुनखडी बनतो. ती चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजली की वायू वेगळा निघतो आणि चुना पुन्हा कामाला हजर! ५६ ग्रॅम चुन्याने ४४ ग्रॅम वायू धरावा, असा हिशेब. स्पेनमधील ला पेरेडा येथे औष्णिक वीजकेंद्राशेजारी १.७ मेगावॉटचा प्रायोगिक संच उभारून २०१२ पासून याच्या चाचण्या झाल्या.

परंतु चुना थकतो. वारंवार भाजल्याने त्याचे कण एकमेकांना चिकटतात, सूक्ष्म छिद्रे बुजतात. शेकडो फेऱ्यांनंतर त्याची शक्ती मूळ हिशेबाच्या ७-८ टक्क्यांवर येऊन टेकते.

म्हणून संशोधक ॲल्युमिनासारख्या पदार्थाचा आधार देऊन कृत्रिम चुने घडवतात. ते अधिक टिकतात, हे मान्य. पण चुनखडीचा मोठा गुण तिचा स्वस्तपणा. टनांनी लागणारा माल सोनाराच्या तराजूत तोलून कसे चालेल? शिवाय अनेक प्रयोग चिमूटभर मालावर, सौम्य आचेवर होतात. खऱ्या भट्टीची धग, धुरातला गंधक, कणांची घासाघीस यांची परीक्षा राहूनच जाते.

मला साधा उपाय पटतो. थकलेल्या चुन्याला वाफ द्यावी. आपले गवंडी कळीचा चुना विरवतात, त्यातलाच हा प्रकार. पाणी शिरले की कण उकलतात, गेलेली शक्ती बरीचशी परतते. मात्र ते ठिसूळही होतात. संशोधकांनी आपली बुद्धी तिथे खर्चावी. अगदीच निकामी झालेला चुना सिमेंटच्या भट्टीला द्यावा. तेवढी नवी चुनखडी भाजणे वाचेल आणि तिच्यातून सुटणारा वायूही.

म्हणून कोळसा खुशाल जाळा, असे मी म्हणत नाही. तसे केले तर आपण स्वतःलाच चुना लावून घेऊ. पण सिमेंटचा बराचसा वायू दगडातूनच निघतो. तिथे नुसते इंधन बदलून भागणार नाही. तेव्हा या दगडाला महागडी वस्त्रे नेसवण्याआधी घोटभर पाणी पाजून पाहावे, एवढेच माझे म्हणणे.