आधी पाणी, मग बाकीचं

ऊस तोडणीला आला की गुऱ्हाळं सुरू होतात. चुलवाणावर काहिल चढते आणि त्या धगीत माणसं रात्रंदिवस राबतात. घरी चूल, बंब, गॅस. शेतावर मोटारीचा स्टार्टर. शेतकऱ्याचा सगळा संसारच विस्तवाशी आणि विजेशी बांधलेला. तेव्हा भाजणं-पोळणं गावाला नवं नाही. प्रश्न आहे तो भाजल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात आपण काय करतो याचा.

आपल्याकडे काय होतं? पोरगं उकळत्या चहानं पोळलं की कुणी शाई आणतं, कुणी टूथपेस्ट, कुणी हळद-तेल, तर कुणी शेण. "पाणी घालू नका, फोड येतील," असं सांगणारं एखादं जाणतं माणूसही हटकून भेटतं. त्याचा हेतू वाईट नसतो, पण या समजुतीनं फार नुकसान केलं आहे. फोड पाण्यानं येत नाहीत, भाजल्यानं येतात. विस्तव बाजूला झाला तरी कातडीत शिरलेली उष्णता आत भाजतच राहते. वाहतं पाणी ती काढून घेतं.

ही नुसती सांगोवांगीची गोष्ट नाही. ऑस्ट्रेलियात भाजलेल्या २,४९५ मुलांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भाजल्यापासून तीन तासांच्या आत किमान वीस मिनिटं थंड वाहतं पाणी ज्यांना मिळालं, त्यांच्यावर दुसरीकडची कातडी लावण्याची पाळी येण्याची शक्यता ४० टक्क्यांहून अधिक कमी झाली. आणि या औषधाला खर्च किती? नळ नसेल तर चार हंडे पाणी आणि एक तांब्या. टंचाईच्या गावातसुद्धा हे पाणी वाया गेलं असं कुणी समजू नये.

कुणी म्हणेल, मग घरगुती औषधं सगळी खोटीच का? तसं नाही. मुंबईच्या डॉ. केसवानी यांनी १९८५ मध्ये बटाट्याच्या सालींच्या पट्टीवरचं संशोधन मांडलं. शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली. पण ती सालं, ती पानं निर्जंतुक केलेली होती आणि जखम डॉक्टरांनी साफ केलेली होती. पट्टी हे दवाखान्याचं काम. गावाचं काम पाणी.

म्हणून क्रम ध्यानात ठेवा. कपड्यानं पेट घेतला तर माणसाला पळू देऊ नका, जमिनीवर लोळवा, घोंगडं टाका. बांगड्या, अंगठ्या लगेच काढा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं पाणी सोडा, बर्फ नको. बाकीचं अंग मात्र पांघरुणानं ऊबदार ठेवा, लहान मुलाचं तर विशेष. चिकटलेलं कापड ओढू नका, फोड फोडू नका. धुतलेलं सुती कापड सैल झाकून दवाखाना गाठा. विजेचा झटका असेल तर आधी वीज बंद करा, मगच माणसाला हात लावा. बाहेर डाग छोटा दिसला तरी विजेची इजा आत खोल असते; अशा माणसाला घरी ठेवू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. घरातली बाई भाजली की "केस होईल" या भीतीनं तिला घरातच ठेवलं जातं आणि मोलाचे तास निघून जातात. उपचार आधी, पोलिसांचे सोपस्कार मागून, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच बजावलं आहे. पोलीस पाटलांनी हे गावाला ठणकावून सांगावं. १०८ ची रुग्णवाहिका आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत भाजलेल्यांच्या उपचारांचा समावेश आहे. सरपंचांनी, आशाताईंनी ही माहिती ग्रामसभेत द्यावी. शाळेच्या आणि गुऱ्हाळाच्या भिंतीवर चार शब्द रंगवून घ्यावेत: भाजलं? आधी पाणी घाला.

या रंगाचा खर्च ग्रामपंचायतीला जड जाणार नाही. उशीर मात्र एखाद्या घराला जन्मभर जड जातो.