पथ्य सांगणारे आणि पाळणारे

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. हा आजार जन्माचा सोबती. डॉक्टरची भेट महिन्यातून काही मिनिटांची. उरलेले सर्व दिवस रुग्ण स्वतःच स्वतःचा वैद्य असतो.

हे वैद्यपण सोपे नाही. इन्शुलिन टोचून घेणाऱ्या कामगाराला मात्रा, जेवण आणि श्रम यांचा मेळ रोज घालावा लागतो. जेवणाची सुट्टी लांबली तर रक्तातील साखर एकाएकी उतरते, घाम फुटतो, हात कापतात, शुद्ध हरपू शकते. अशा वेळी खिशातील साखरेची पुडी त्याला तारते. घरी फ्रीज नसेल तर औषध ओल्या मडक्याच्या गारव्यात जपावे लागते. बधिर तळपायाला काटा रुतला तरी कळत नाही, म्हणून रोज रात्री पाय पाहावे लागतात. ही टेहळणी बहुधा घरातील स्त्री करते. ती स्वतः आजारी पडली की मात्र तिच्या पथ्याचा विचार सर्वांत शेवटी होतो. कारण सर्वांना वाढून उरेल तेच तिच्या ताटात येते.

रुग्णाने आपला आजार समजून घ्यावा, हे समाजवाद्यांनी आग्रहाने सांगावे असेच तत्त्व आहे. आरोग्यसेवेच्या आखणीत आणि अंमलबजावणीत भाग घेणे हा जनतेचा हक्क आणि कर्तव्यही आहे, असे सोव्हिएत कझाकस्तानातील आल्मा-आटा येथे भरलेल्या परिषदेने सप्टेंबर १९७८ मध्ये जाहीर केले. परंतु आज त्यातील कर्तव्य तेवढे रुग्णाच्या पदरात टाकले जाते आणि हक्काचा विसर पडतो. 'चाला, कमी खा, चिंता करू नका' हा उपदेश बारा तास राबणाऱ्याला ऐकवणे म्हणजे त्याच्या दारिद्र्यालाच दोष देणे होय.

शासनाचा अग्रक्रमही उफराटा आहे. २०१८ साली सुरू झालेली पंतप्रधान जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. म्हणजे सडलेला पाय कापण्याचा खर्च मिळेल. तो पाय वाचवणाऱ्या रोजच्या गोळीला आणि साखर मोजण्याच्या पट्टीला त्या योजनेत स्थान नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात इन्शुलिन, सुया, गोळ्या आणि तपासणीच्या पट्ट्या खंड न पडता मोफत मिळाल्या पाहिजेत. कामावर जेवणाची सुट्टी वेळेवर मिळाली पाहिजे. घरोघर फिरणाऱ्या आशा सेविकेला मानधनाऐवजी वेतन मिळाले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी मागणीपाशी थांबू नये. वस्तीत रुग्णांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या बैठका नियमाने भरवाव्यात. सुई कशी टोचावी, पाय कसे तपासावेत, हे जुना रुग्ण नव्याला आपुलकीने शिकवू शकतो. केंद्रातील औषध संपले की याच बैठकीतून मोर्चा निघावा. एकट्याने पाळलेले पथ्य महिन्याअखेरीस, पैसे सरताच मोडते. ते टिकवायचे तर संघटनेचे पाठबळ हवे.