जामीन मंजूर, तरी मुक्काम येरवड्यातच

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि मावळातील जमिनीला सोन्याचा भाव आला. लोणावळ्याच्या आसपास बंगले उभे राहिले, तळेगावात औद्योगिक वसाहत वाढली. याच तालुक्यातील अनेक कातकरी कुटुंबांच्या नावावर मात्र घराखालची जागाही नाही. हा प्रश्न एरवी महसूल खात्याचा मानला जातो. प्रत्यक्षात तो तुरुंगाशीही जोडलेला आहे.

किरकोळ चोरीच्या गुन्ह्यात वडगावच्या न्यायालयाने जामीन मंजूर केला, तरी सुटका होतेच असे नाही. लायक जामीनदार हवा आणि त्याच्यापाशी सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक हवे. भूमिहीनाचे सोयरेही बहुधा भूमिहीनच. दुसरी अडचण हंगामी स्थलांतराची. उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेले कुटुंब पावसाळ्याच्या तोंडावर परतते. मधल्या काळात तारीख चुकते, वॉरंट निघते आणि पोट भरायला गेलेला माणूस कायद्याच्या भाषेत फरारी ठरतो!

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, कच्चे कैदी होते.

वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात यावर बोट ठेवले होते. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्याची हमी नाकारण्यात आली होती. न्या. कृष्ण अय्यर यांनी एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर मोतीरामच्या सुटकेचा आदेश दिला. जामीन मंजूर होऊन महिनाभरात हमी देता आली नाही, तर अटी शिथिल करण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा, असे याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये बजावले. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तीत तेव्हा कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. रक्कम भरण्याची सोय झाली. सातबारावाला जामीनदार कोठून आणायचा, हा पेच मात्र तिने सुटत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ जुलै २०२४ पासून लागू आहे. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ कोठडीत काढला, तर त्याला सोडण्याची तरतूद त्यात आहे. पण एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असलेल्यास हा लाभ नाही. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालांकडे वळते, ही तक्रार जुनीच आहे. संशयावरून एकदा नाव नोंदले गेले की दुसऱ्या गुन्ह्यात ते गोवणे सोपे होते आणि कलम ४७९ चा दरवाजा नेमका त्यांच्यासाठीच बंद होतो.