नदीला दिलेले मजले

क्लॉड मार्टिन नावाच्या फ्रेंच माणसाने १७८१मध्ये लखनौला गोमतीच्या अगदी पाण्यालगत घर बांधले. पुढे ते नवाबाकडे गेले आणि 'फरहतबख्श कोठी' म्हणून ओळखले जाऊ लागले. उन्हाळ्यात नदी उतरलेली असे, तेव्हा मार्टिन तळघरातल्या गारव्यात राही. पावसाळ्यात गोमती चढू लागली की बिऱ्हाड वरच्या मजल्यावर हलवी. पूर ओसरला की गाळ काढून तळघर पुन्हा राहते होई. नदी घरात येणार हे त्या घराच्या आराखड्यातच धरलेले होते.

त्याच शहरात २०१५पासून गोमतीच्या दोन्ही काठांवर सुमारे आठ किलोमीटर काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या. खर्च दीड हजार कोटींच्या घरात गेला. हिरवळ आली, फिरायला रस्ता आला, आणि माणूस नदीजवळ आला असे सांगितले गेले. संध्याकाळी तिथे येणाऱ्या कुटुंबांना मिळणारा मोकळा वारा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण गोमती हिमालयाच्या बर्फावर वाहत नाही. पिलीभीत जिल्ह्यातल्या माधो टांड्याच्या तळ्यातून ती निघते आणि पाऊस सरला की जमिनीतून पाझरणाऱ्या पाण्यावर जगते. अशा नदीच्या कडेने जमिनीत खोल भिंत घालणे म्हणजे तिचे दूध तोडणे. २०१७मध्ये सरकार बदलल्यावर या कामाची चौकशी लागली, ती पैशांच्या हिशेबाची. पाझराचा हिशेब त्या गदारोळात मागेच राहिला, याचे मला अधिक दुःख आहे.

गोमतीला मिळणाऱ्या कुकरैलची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. कुत्रा चावलेल्याने कुकरैलमध्ये अंघोळ करावी, अशी तिथली जुनी लोकसमजूत. वैद्यक म्हणून ती चुकीचीच, कुत्रा चावला तर लसच घ्यायला हवी. पण त्या गोष्टीपायी माणसे नदीत उतरत होती, पाणी कसे आहे ते अंगाला कळत होते. गोष्ट विरली, कुकरैलचा 'नाला' झाला आणि सांडपाणी सोडताना कोणाचा हात अडला नाही. आता तिला पुन्हा नदी करायचे ठरले आहे. हेतू चांगला आहे. मात्र त्यासाठी २०२४च्या जूनमध्ये काठावरच्या अकबरनगरातली हजाराहून अधिक बांधकामे पाडली गेली, रहिवासी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि मोकळ्या जागेवर झाडे लावली गेली. काठावर पिढ्या काढलेल्या माणसांना दूर नेऊन नदीशी नाते कोणाचे जोडायचे?

हे पुण्यात बसून लिहितो, कारण मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाच्या सुशोभीकरणाचे काम इथे सुरू आहे. एप्रिल २०२३मध्ये काठावरची झाडे वाचवण्यासाठी पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले होते. 'जीवितनदी' या संस्थेचे कार्यकर्ते विठ्ठलवाडीच्या काठाने लोकांना चालवत नेतात, झाड, पक्षी, पाणी ओळखायला शिकवतात. एवढ्याशा फेरीनंतर माणूस पुलावरून जाताना खाली डोकावू लागतो. हे काम कोणत्याही कारंज्याहून मोलाचे आहे, आणि त्याला निविदा लागत नाही.

भूजल कुठून नदीत येते, हे सांगणारे नकाशे आज करता येतात. उरलेल्या काठावर हात घालण्यापूर्वी महापालिकेने मुळा-मुठेच्या प्रत्येक झऱ्याचे ठिकाण नकाशावर आणावे, तो नकाशा लोकांपुढे ठेवावा आणि तेवढा काठ मातीचाच राहू द्यावा. पावसाळ्यात तिथे पाणी चढेल, चिखल होईल, महिनाभर फिरणे बंद राहील. राहू दे. मार्टिन दर वर्षी वरच्या मजल्यावर जातच होता.